गिऱ्हाईक ऑनलाइन येतं कुठून?

एप्रिल २०१६मध्ये यूपीआय सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइल डेटाचे दर कोसळले. जानेवारी २०१८मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे छोट्या व्यावसायिकांसाठीचं मोफत ॲप भारतात आलं. दोन वर्षांच्या आत घडलेल्या या तीन गोष्टींनी छोट्या धंद्याचं गणित बदललं. गाळ्याचं पागडी-भाडं न भरता माल मांडता येऊ लागला, पाटी न लावता पत्ता कळवता येऊ लागला आणि कार्डाचं यंत्र न घेता पैसे घेता येऊ लागले. ऑगस्ट २०२३मध्ये यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदाच एका महिन्यात १,००० कोटींच्या वर गेले.

दुकान मांडणं सोपं झालं, पण ते सगळ्यांसाठीच सोपं झालं. आज दिवाळीच्या आधी कोणत्याही शहरात चकली-लाडू-चिवड्याच्या जाहिरातींनी फोन भरून जातो. त्यातल्या एका डब्याकडे गिऱ्हाईक का वळतं आणि बाकीच्यांवरून त्याचं बोट पुढे का सरकतं, हा खरा प्रश्न आहे. त्यावर सल्ले पुष्कळ मिळतात. रोज पोस्ट टाका, रील करा, फॉलोअर वाढवा, पैसे भरून पोस्ट बूस्ट करा. यातलं प्रत्येक साधन कुठे ना कुठे उपयोगी पडतं. मात्र नव्या धंद्यासाठी त्यांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. आधी सापडणं, मग पटणं, मग गिऱ्हाईक परत येणं आणि सगळ्यात शेवटी नाव दूरवर पसरणं, असा तो क्रम आहे. बहुतेक नवे उद्योजक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच त्यांचा वेळ आणि भांडवल संपतं. आजवर हाती आलेले अनुभव आणि संशोधन या चार पायऱ्यांनुसार तपासायचा हा प्रयत्न आहे.

धंदा कोणत्या जातीचा?

साधनं निवडण्याआधी धंद्याची जात ओळखावी लागते. ढोबळ मानानं तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार जवळच्या गिऱ्हाइकाचा. पोळी-भाजी केंद्र, डबा, शिवणकाम, पाळणाघर, एसी दुरुस्ती, केकची ऑर्डर. इथलं गिऱ्हाईक तीन-चार किलोमीटरच्या आत राहतं. कोथरूडमधल्या डब्याच्या व्यवसायाला नागपुरातल्या दहा हजार फॉलोअरचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा प्रकार मुळात नाव असलेल्या मालाचा. देवगड-रत्नागिरीचा हापूस, येवल्याची पैठणी, कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर. इथे मालाची ओळख करून द्यावी लागत नाही, लोक तो शोधतच असतात. आपला माल अस्सल आहे हे नवख्या विक्रेत्याला सिद्ध करावं लागतं.

तिसरा प्रकार कुठेही मिळणाऱ्या मालाचा. कुर्ते, मोबाइलची कव्हरं, नकली दागिने, प्लास्टिकचे डबे. इथे तुलना किमतीवर होते आणि गिऱ्हाईक मोठ्या बाजारमंचांवरच हिंडत असतं.

पहिल्या प्रकाराला नकाशा हवा, दुसऱ्याला पुरावा हवा, तिसऱ्याला हिशोब हवा. तिघांना एकच सल्ला दिला की तो तिघांनाही अपुरा पडतो.

सापडणं

घरातला मिक्सर बिघडला की माणूस इन्स्टाग्राम उघडत नाही, तो फोनवर ‘मिक्सर रिपेअर निअर मी’ असं शोधतो. गरज आधीच जागी झालेल्या अशा माणसासमोर आपलं नाव येणं, ही ऑनलाइन विक्रीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. त्यासाठीचं मुख्य साधन म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. नोव्हेंबर २०२१पर्यंत त्याचं नाव गूगल माय बिझनेस होतं. ते मोफत आहे. जवळपासच्या शोधात कोणाला वर दाखवायचं हे ठरवताना गूगल तीन गोष्टी पाहतं, आणि त्या त्यानं स्वतःच जाहीर केल्या आहेत. शोधलेल्या गोष्टीशी व्यवसाय किती जुळतो, तो किती जवळ आहे आणि तो किती परिचित आहे.

अंतर आपल्या हातात नसतं, पण जुळणी पूर्णपणे आपल्या हातात असते. व्यवसायाचा प्रवर्ग नेमका निवडायला हवा. वेळा खऱ्या लिहायला हव्यात, गणेशोत्सवात किंवा मे महिन्यात बंद असेल तर तेही नोंदवायला हवं. उचलला जाईल असाच फोन नंबर द्यायला हवा. घरातून चालणाऱ्या व्यवसायाला घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. एकटीनं काम करणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीनं ही सोय मोलाची आहे, तरी अनेकींना ती ठाऊक नसते. नावात मात्र ‘बेस्ट’, ‘नंबर वन’ किंवा शहराचं नाव कोंबू नये. पाटीवर असेल तेच नाव इथे लिहावं असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडला तर नोंद स्थगित होऊ शकते.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८.३ कोटी होती. ही माणसं ‘उपवासाची भाजणी’ देवनागरीत शोधतात, रोमन लिपीत शोधतात आणि आता फोनला तोंडी विचारूनही शोधतात. वर्णनात आणि मालाच्या नावांत गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द असले तर तिन्ही वाटांनी माणूस पोचतो. ‘होममेड मल्टिग्रेन मिक्स’ लिहिणारीचं पान थालीपिठाची भाजणी शोधणाऱ्याला दिसणं अवघड आहे.

स्वतःची वेबसाइट हवी का? पहिल्या प्रकारच्या धंद्याला सुरुवातीला नसली तरी चालतं. दुसऱ्या प्रकाराला ती लवकर हवी, मग ती एका पानाची का असेना. यामागचं कारण मार्च २०२४मध्ये दिसलं. बिझनेस प्रोफाइलमधून मोफत बनवून मिळणाऱ्या वेबसाइट गूगलनं त्या महिन्यात बंद केल्या. ज्यांचा सगळा पत्ता त्या पानावर होता त्यांना धावपळ करावी लागली. स्वतःच्या नावाचं डोमेन वर्षाकाठी थोडक्या खर्चात मिळतं आणि ते आपल्याकडेच राहतं. त्यामागचं पान कोणत्याही कंपनीचं असलं तरी पत्ता बदलत नाही.

पटणं

सापडलेलं दुकान पटेलच असं नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये एक मूलभूत गोष्ट मांडली होती. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो कळत नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. चांगला माल ओळखताच येत नसेल तर त्याला जास्त दाम कोण देणार? फोनवरचा बाजार नेमका असाच आहे. वस्तू हातात घेता येत नाही, वास घेता येत नाही, विक्रेत्याचा चेहरा दिसत नाही.

हापूस हे याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. मार्च ते मे या जेमतेम अडीच महिन्यांच्या हंगामात परराज्यातला आंबा हापूसच्या नावानं विकला जातो, हे बाजारात सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी मानांकनाचं प्रमाणपत्र फळावर दिसत नाही. म्हणून २०२५च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर वेगळा सांकेतांक असलेला स्टिकर लावण्याचा मार्ग धरला. गिऱ्हाइकानं तो सांकेतांक व्हॉट्सॲपवर पाठवला की आंब्याची पडताळणी करता येते. शिवाय हापूसमध्ये साका, म्हणजे आतल्या गराचा बिघडलेला भाग, निघतो, आणि तो बाहेरून बागायतदारालाही दिसत नाही. अशा मालात ‘साका निघाला तर फोटो पाठवा, बदलून देऊ’ हे एक वाक्य दहा रंगीत पोस्टरांपेक्षा जास्त विक्री करतं, कारण धोका कोण सोसणार हे त्यातून आधीच स्पष्ट होतं.

प्रत्येक मालाचा पुरावा वेगळा असतो आणि तो ओळखणं हे विक्रेत्याचं काम आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलट बाजूनंही सुलट बाजूसारखाच दिसतो, यंत्रावरच्या साडीच्या मागे सुटे धागे असतात. म्हणून पैठणी विकणाऱ्यानं पदराच्या मागच्या बाजूचा फोटो सगळ्यात आधी दाखवावा, सोबत सिल्क मार्क आणि हॅंडलूम मार्कची खूण द्यावी. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख हवी. हे कायद्यानं बंधनकारक आहे. ते अडथळा मानण्यापेक्षा जाहिरातीत ठळकपणे दाखवलं तर तेच आपलं भांडवल होतं.

सर्वांत मोठा पुरावा म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचा शब्द. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास २०११मध्ये मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. मात्र हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नव्हता. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. अनोळखी छोट्या दुकानाला तारे लागतात. म्हणजे अभिप्रायांचा सगळ्यात मोठा लाभ नव्या आणि लहान व्यवसायालाच आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या स्पीगल संशोधन केंद्रानं २०१७मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. खरेदीची शक्यता सरासरी ४ ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि पूर्ण पाच ताऱ्यांकडे जाताना ती उतरते. सगळीच स्तुती असली की वाचणारा सावध होतो. एखादी तक्रार आणि तिला दिलेलं शांत, नेमकं उत्तर दुकानाची विश्वासार्हता वाढवतं.

म्हणून नातेवाइकांकडून पाच-पाच तारे लिहवून घेण्याचा मोह आवरावा. पैसे किंवा सूट देऊन अभिप्राय मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनंही नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक आणलं. साधा मार्ग उपलब्ध आहेच. माल पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला अभिप्रायाची थेट लिंक पाठवून मनापासून विनंती करावी. बहुतेक समाधानी माणसं कोणी विचारलं नाही म्हणूनच लिहीत नाहीत.

किमतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. ‘किमतीसाठी मेसेज करा’ ही पद्धत मराठी पानांवर सर्रास दिसते. विक्रेत्याला वाटतं, यानं संवाद सुरू होईल. प्रत्यक्षात विचारायला संकोचणारं गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं, आणि किंमत माणूस पाहून ठरते की काय, ही शंकाही उरते. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतही एकूण किंमत आणि तिच्यातले सगळे आकार दाखवण्यावर भर आहे. पोचवण्याच्या खर्चासह किंमत लिहून टाकणं हाच सरळ मार्ग आहे.

परत येणं

नव्या गिऱ्हाइकामागे धावावं की आलेलं सांभाळावं, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. फ्रेडरिक रायकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९०मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलं की सुटून जाणारी गिऱ्हाइकं थोडी जरी कमी झाली तरी नफा मोठ्या प्रमाणात वाढतो. याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या बायरन शार्प यांनी २०१०च्या पुस्तकात आकडेवारीनिशी म्हटलं, की ब्रँड वाढतात ते मुख्यतः नवी आणि क्वचित घेणारी गिऱ्हाइकं जोडून. निष्ठावंतांच्या बळावर मोठं झाल्याची उदाहरणं थोडी.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, त्यांचा पट वेगळा आहे. शार्प यांचा पुरावा प्रामुख्यानं साबण, टूथपेस्ट, शीतपेयं अशा देशभर विकल्या जाणाऱ्या मालाचा आहे. दिवसाला तीस डबे करू शकणाऱ्या स्वयंपाकघराला लाखो लोकांपर्यंत पोचायचंच नसतं, त्याला तीस घरं टिकवायची असतात. दर दिवाळीला दोनशे किलो फराळ करणाऱ्या बचतगटाची मर्यादा मागणीची नसून हातांची असते. इतक्या लहान पटावर टिकलेलं गिऱ्हाईक हाच नफा असतो. हातांची मर्यादा ओलांडून कारखाना उभारायची वेळ आली की मग शार्प यांचं म्हणणं लागू होऊ लागतं.

परत येणं योगायोगावर सोडू नये. त्यासाठी एक वही किंवा साधी एक्सेलची यादी पुरते. नाव, परिसर, काय घेतलं, कधी घेतलं, काय आवडलं, पुढची आठवण कधी द्यायची. चैत्रात पेटी नेणाऱ्याला पुढच्या हंगामात पहिली पेटी निघायच्या आठवडाभर आधी निरोप जायला हवा. एक किलो भाजणी नेणाऱ्या घरी ती किती दिवसांत संपते, हे दोन ऑर्डरींनंतर कळतं.

निरोपासाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. मालाची किमतींसह सूची, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं आणि गिऱ्हाइकांवर लावायची लेबलं त्यात मिळतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक घालता येतात, आणि ज्यानं आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. ही अट विक्रेत्यांना जाचक वाटते, पण ती उपयुक्त गाळणी आहे. नंबर जतन करणारा माणूस खरोखर आपला असतो. म्हणून पहिल्या पार्सलमध्येच ‘हा नंबर जतन करा, पुढच्या हंगामाची खबर आधी मिळेल’ अशी चिठ्ठी घालावी. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये घालणं आणि रोज सकाळी सुविचारासह दरपत्रक पाठवणं टाळावं. आता हा निव्वळ शिष्टाचाराचाही विषय राहिलेला नाही. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानं संमतीला केंद्रस्थानी आणलं आहे. गिऱ्हाइकाचा नंबर त्यानं ऑर्डरीसाठी दिलेला असतो. जाहिरातीसाठी वेगळं विचारावं आणि नको म्हटलं की थांबावं.

पसरणं

इथवर आल्यावर रील आणि व्हिडिओंची पाळी येते. त्यांचं सामर्थ्य मोठं आहे, हे मान्य करायलाच हवं. एकही पैसा न भरता हजारोंपर्यंत पोचवणारं असं साधन छोट्या उद्योजकाला पूर्वी कधीच मिळालं नव्हतं. त्यातला धोकाही तितकाच खरा आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. ज्यांनी तिथे प्रेक्षक जमवला होता, त्यांचा तो प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स भारतात आले, पण तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. हे सगळे मंच म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा भाड्याचा गाळा आहे. तिथे धंदा जरूर करावा, फक्त गिऱ्हाइकाची वही घरी ठेवावी.

काय दाखवावं? छोट्या उद्योगाकडे मोठ्या कंपनीकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे काम करणारे खरे हात. मागावर पैठणीचा असावली काठ कसा विणला जातो, वनस्पतींच्या रसायनांनी कमावलेलं कातडं कापून कोल्हापुरीची वेणी कशी बसते, अनारशाचं पीठ किती दिवस मुरतं, हे पाहायला लोकांना मनापासून आवडतं. असा व्हिडिओ एकाच वेळी नाव पसरवतो आणि पुरावाही देतो. कोणाच्या तरी गाण्यावर ओठ हलवणाऱ्या रीलमधून फक्त दर्शक मिळतात.

प्रसिद्धी अचानक आली तर काय होतं, हे जून २०२५मध्ये कोल्हापुरीच्या बाबतीत दिसलं. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमधल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणं दाखवली, उगमाचा उल्लेख केला नाही आणि महाराष्ट्रात संताप उसळला. पुढे कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यांत कोल्हापुरी हा शब्द देशभर गाजला. कोल्हापुरीला जुलै २०१९पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे, पण अशा लाटेचा लाभ तेव्हाच्या तेव्हा सापडू शकणाऱ्यालाच होतो. नकाशावर नोंद, मापांचा तक्ता, किमती आणि पार्सलची सोय ज्याच्याकडे तयार असते तो कारागीर ऑर्डर घेतो. बाकीच्यांच्या वाट्याला नुसती चर्चा येते. म्हणून पसरणं शेवटी ठेवायचं.

इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा माल देऊन प्रसिद्धी करायची असेल तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहिणं आवश्यक आहे. जाहिरात मानक परिषदेची त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१पासून आहेत आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३मध्ये आपल्या सूचना जाहीर केल्या. लाखो फॉलोअरच्या मुंबईतल्या चेहऱ्यापेक्षा आपल्याच शहरातला, खाण्याबद्दल मनापासून लिहिणारा पाच हजारांचा माणूस डब्याच्या धंद्याला जवळचा.

पैसे देऊन जाहिरात

जाहिरातीचा परिणाम मोजणं वाटतं त्यापेक्षा फार कठीण आहे. ईबेसारख्या प्रचंड कंपनीत टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी केलेला प्रयोग २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. ईबेचं नाव शोधणाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद केल्या, तरी जवळजवळ तेवढीच माणसं मोफत दुव्यांवरून आली. ज्यांना येणारच होतं त्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते. मात्र ईबे ठाऊक नसलेल्या किंवा क्वचित येणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला. नव्या धंद्याला यातून दुहेरी धडा मिळतो. अनोळखी असल्यामुळे जाहिरात आपल्याला उपयोगी पडू शकते, आणि जुन्या गिऱ्हाइकांना तीच जाहिरात दाखवण्यात पैसा वाया जातो.

एक हिशोब करून पाहू. समजा फराळाचा डबा ८०० रुपयांचा आहे. साहित्य, गॅस, मजुरी आणि पॅकिंग मिळून ६०० रुपये जातात, म्हणजे हाती २०० राहतात. ३,००० रुपयांच्या जाहिरातीतून १२ नवी गिऱ्हाइकं आली, तर दर गिऱ्हाइकामागे २५० रुपये खर्च झाले. पहिल्या वर्षी १२ डब्यांचे २,४०० रुपये मिळाले आणि ६०० रुपयांचा तोटा झाला. यातली सहा घरं पुढच्या दिवाळीत जाहिरातीविना परत आली, तर १,२०० रुपये मिळून एकूण हिशोब ६०० रुपयांनी फायद्यात येतो. कोणीच परत आलं नाही तर तोटा कायमचा. जाहिरात परवडते की नाही हे गिऱ्हाईक परत येण्यावर ठरतं, म्हणून तिसरी पायरी पक्की झाल्याशिवाय जाहिरातीत पैसा घालू नये. घातला तर एकच वस्तू, लहान परिसर, ठरावीक रक्कम आणि प्रत्येक ऑर्डरीला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा प्रश्न, एवढी शिस्त पाळावी.

बाजारमंच, कर आणि पार्सल

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो हे तिसऱ्या प्रकारच्या मालाचे नैसर्गिक बाजार आहेत. मीशोनं २०२१मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचं धोरण आणलं आणि ॲमेझॉननं २०२५मध्ये ३०० रुपयांखालच्या अनेक वस्तूंवरचं विक्री-शुल्क काढलं. तरी कमिशन हा खर्चाचा एक भाग झाला. पाठवणी, मंचावरची जाहिरात, परत आलेला माल, त्यातला खराब झालेला भाग आणि पैसे हाती येईपर्यंतचे दिवस हे सगळं धरूनच किंमत ठरवावी. कॅश ऑन डिलिव्हरीत न स्वीकारता परत येणारी पार्सलं नव्या विक्रेत्याचं कंबरडं मोडतात. शिवाय बाजारमंचावरचं गिऱ्हाईक मंचाचं असतं, त्याची ओळख आपल्याला मिळत नाही. डिसेंबर २०२१मध्ये स्थापन झालेलं ओएनडीसी हे सरकारच्या पुढाकारातलं खुलं जाळं या मक्तेदारीला पर्याय म्हणून उभं केलं गेलं. त्यातली कल्पना मोलाची आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर धंदा सुरू करू नये.

कराच्या बाबतीत एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी बाजारमंचावर माल विकायला उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या आणि आपल्याच राज्यात माल विकणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा ४० लाखांची आहे. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर मात्र, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडता, नोंदणी लागते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्या खासगी पानांपासून सावध राहावं. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येकानं मनात पक्कं करावं. मोठ्या ऑर्डरीचं आमिष दाखवून क्यूआर कोड पाठवणारे भामटे नव्या उद्योजकांनाच हेरतात.

परदेशी गिऱ्हाईक फराळाच्या धंद्याला फार खुणावतं. अमेरिका, ब्रिटन, आखातातल्या मराठी घरांना दिवाळीचा डबा हवाच असतो. पण ही वाट इतरांच्या निर्णयांवर अवलंबून आहे. अमेरिकेनं कमी किमतीच्या पार्सलांची शुल्कमाफी काढल्यावर भारतीय टपाल खात्यानं ऑगस्ट २०२५च्या अखेरीस तिकडची वस्तूंची पाठवणी थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू केली. ज्यांनी सगळी भिस्त टपालावर ठेवली होती त्यांचा हंगाम कोलमडण्याच्या बेतात आला. परदेशी विक्री ही भर असावी, पाया नसावा.

एकटीनं की मिळून?

या चारही पायऱ्या एकट्या माणसानं चढायच्या म्हणजे स्वयंपाक, फोटो, हिशोब, उत्तरं आणि पार्सल सगळं एकाच्याच अंगावर येतं. महाराष्ट्राला यावरचा उपाय नवा नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. एक नाव, एकसारखा दर्जा आणि अनेक घरांतले हात, ही ती रचना होती. ऑनलाइन बाजाराला तीच रचना साजेशी आहे. गावातल्या वीस जणींनी वीस पानं उघडण्यापेक्षा एक नाव, एक नंबर, एक किंमतपत्रक ठेवावं. एकीनं फोटो आणि उत्तरं सांभाळावीत, एकीनं पार्सल, बाकीच्यांनी माल.

राज्य सरकारच्या उमेद या ग्रामीण उपजीविका अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन दरवर्षी मुंबईत भरतं आणि राज्यभरातल्या बचतगटांसमोर हजारो गिऱ्हाइकं चव घेऊन, माल हाताळून खरेदी करतात. सापडणं आणि पटणं ही दोन्ही कामं तिथे काही मिनिटांत होतात. प्रदर्शन संपलं की ते गिऱ्हाईक मात्र हरवतं. प्रत्येक टेबलावर नंबर नोंदवण्याची वही आणि पुन्हा मागवण्याचा क्यूआर कोड असला, तर दहा-बारा दिवसांची विक्री वर्षभर चालू शकेल. सरकारी प्रशिक्षणांत लोगो बनवण्यावर आणि रील काढण्यावर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ जरी किंमत काढणं, गिऱ्हाइकांची नोंद ठेवणं आणि तक्रारीला उत्तर देणं यावर गेला, तरी हजारो घरांच्या उत्पन्नात फरक पडेल. स्वयंरोजगाराच्या योजना कर्जाची रक्कम मोजतात. वर्षभरानंतर किती गिऱ्हाइकं परत आली हेही त्यांनी मोजायला हवं.

नव्यानं धंदा सुरू करणाऱ्यानं पहिल्या तीन महिन्यांत नकाशावरची नोंद, किमतींसह सूची आणि पहिले वीस-पंचवीस खरे अभिप्राय एवढंच साधावं. पुढच्या सहा महिन्यांत त्यातली किती घरं परत येतात ते पाहावं आणि जी आली नाहीत त्यांना फोन करून कारण विचारावं. ते उत्तर कोणत्याही मार्केटिंगच्या वर्गात मिळत नाही. ते ऐकून माल, माप किंवा वेळ सुधारली की रील आणि जाहिरातीला हात घालावा. तोवर आपल्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं तयार झालेली असतात आणि जाहिरातीतल्या प्रत्येक रुपयाच्या मागे त्यांचा शब्द उभा राहतो. चांगला माल करणाऱ्या माणसाला ऑनलाइन बाजारात नक्कीच जागा आहे, फक्त तिथे पोचण्याची वाट ओळखीच्या वीस घरांमधून जाते.